रानमेव्याचा धनी

दसरा जवळ आला कीं अमरावती, अकोला, परतवाडा येथील बाजारांत सीताफळांच्या टोपल्या दिसूं लागतात. ज्यानें तें फळ फोडून बिया अंगणांत उडवीत खाल्लें नाहीं असा आमच्या विद्यार्थिमित्रांत क्वचितच कोणी सांपडेल. परंतु ती टोपली कोठून आली, ती कोणीं भरली, आणि आपण फळवाल्याच्या हातावर ठेवलेल्या रुपयांपैकीं किती आणे झाडाखालच्या मनुष्याच्या पदरीं पडले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. अंकगणिताच्या तासाला घालण्यासारखें ह्याहून चांगलें उदाहरण आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत दुसरें नसावें असें आम्हांस वाटतें. तें उदाहरण येथें सोडवून पाहावें, आणि तें सोडवितां सोडवितां मेळघाटच्या रानांत गेल्या दीडशें वर्षांत काय घडलें व अलीकडे काय पालटलें तें वाचकांपुढें मांडावें, इतकाच ह्या लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाड म्हटलें कीं काळी जमीन आणि पांढरी कपाशी डोळ्यांपुढें येते. परंतु परतवाडा मागें टाकून घाट चढूं लागलें म्हणजे हें चित्र पालटतें. सातपुड्याची ही गाविलगडची रांग. तिच्या कुशींत चिखलदरा व धारणी हे दोन तालुके वसले आहेत, आणि तिचेंच पश्चिमेकडील टोंक अकोला जिल्ह्यांत नरनाळ्याच्या किल्ल्यापाशीं येऊन पोंचतें. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार ह्या पांच नद्या येथें उगम पावून तापीस मिळतात. ह्यांतील सिपना हा शब्द कोरकू भाषेंतला असून त्याचा अर्थ सागवान असा आहे. कोरकू ही मराठीच्या कुळांतील नव्हे व गोंडीच्याही नव्हे. ती मुंडारी, संथाळी ह्यांची दूरची बहीण, आणि त्या कुळांतील सर्व भाषांत अगदीं पश्चिमेकडे राहिलेली. ज्या देशांत नदीलाच सागाचें नांव मिळालें, तेथील माणसांचें नशीबही पुढें सागाशींच बांधलें गेलें.

पूर्वीं कोरकू, गोंड, निहाल हे लोक डोंगरउतारावरील झाडझुडूप जाळून त्या राखेंत कोदो-कुटकी पेरीत. गवळी गुरें पाळीत. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि १८६७ पर्यंत मुंबईचा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास जाऊन भिडला. रुळांखालीं लांकूड पाहिजे, पुलांना पाहिजे, बंगल्यांना पाहिजे. तेव्हां सागाच्या झाडाकडे सरकारची दृष्टि वळली व मेळघाटचीं जंगलें राखीव होऊं लागलीं. वऱ्हाड हें कायद्याच्या दृष्टीनें निजामाचेंच राहिलें असल्यामुळें १८८६ सालीं त्यासाठीं जंगलाचा एक निराळा कायदा करण्यांत आला. जंगलाच्या कामास मजूर पाहिजेत म्हणून पुढें रानांतच वनग्रामें वसलीं. तेथील कुटुंबास कसावयास जमिनीचा तुकडा मिळे, पण तो त्याच्या नांवावर नसे. उलट खात्यानें बोलाविलें कीं कामावर हजर व्हावें लागे.

ह्या व्यवस्थेस सर्वस्वी वाईट म्हणावयास आम्ही तयार नाहीं. राखण झालीच नसती तर परतवाड्याच्या लांकूडबाजारांत आज सागाची तुळई पाहावयास मिळाली असती कीं नाहीं, कोण जाणे. परंतु त्या राखणीच्या हिशेबांत एक मोठी रक्कम मांडावयाची राहून गेली. झाडें मोजलीं, त्यांचे घनफूट मोजले. त्यांच्या सावलींत राहणाऱ्या माणसाचा हक्क मात्र कोणीं मोजला नाहीं. त्यानें मोहाचीं फुलें वेंचावीं, सरपण आणावें, मध काढावा. पण तें सर्व सरकारच्या मेहेरबानीनें. कायद्याच्या भाषेंत ह्याला सवलत म्हणत, आणि सवलत देणाराला ती परतही घेतां येते.

आमच्या शाळेंतील मुलांना रूथची गोष्ट पाठ आहे. बवाजाच्या शेतांत ती सरवा वेंचीत होती. पुष्कळांस वाटतें कीं ही केवळ बवाजाची दयाबुद्धि. परंतु जुन्या करारांतील लेवीय ह्या पुस्तकांत पाहिलें तर शेताच्या कडा कापूं नयेत व सरवा वेंचूं नये, तो गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राहूं द्यावा, असा शेतकऱ्याला स्पष्ट हुकूम आहे. म्हणजे रूथ जें वेंचीत होती तें भिक्षेचें नव्हतें, नियमशास्त्रानें तिला नेमून दिलेलें होतें. सवलत आणि हक्क ह्यांत जो भेद आहे तो इतक्या थोडक्यांत दुसरीकडे कोठें दिसेल असें वाटत नाहीं.

आतां आपल्या टोपलीकडे वळूं. सीताफळाचा एक मोठा दोष असा कीं तें थांबत नाहीं. डोळे उघडून त्यांमधल्या भेगा पिवळसर दिसूं लागल्या म्हणजे फळ काढण्याजोगें झालें. त्यानंतर दोन-चार दिवसांत तें मऊ पडतें. डोळे उघडण्यापूर्वींच काढलें तर तें नीट पिकत नाहीं, काळें पडतें आणि गोडीही येत नाहीं. ज्याच्यापाशीं खोकें आहे, गाडी आहे आणि दूरच्या बाजाराची ओळख आहे, तोच ह्या फळाचा भाव ठरवितो. रानांतून डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला परत घेऊन जाण्याची सोय नसते. संध्याकाळ झाली कीं व्यापारी म्हणेल तो भाव.

ह्याहूनही वाईट गोष्ट झाडापाशींच घडते. रान कोणाचेंच नाहीं असें ठरल्यावर, "मीं आज हें फळ पिकूं दिलें तर उद्यां तें दुसराच नेईल" ही भीति प्रत्येकाच्या मनांत असते. म्हणून प्रत्येक जण घाई करतो. कच्चें फळ तोडतो, फांदी ओढून मोडतो. कच्च्या फळाला भाव नाहीं, मोडल्या फांदीला पुढील वर्षीं फळ नाहीं. ह्यांत कोणी मूर्ख नसतो. प्रत्येक जण आपापल्यापुरता शहाणपणानेंच वागतो, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र तोट्यांत जाते. मोहाचीही अशीच कथा. मोहाचें फूल रात्रीं गळूं लागतें व पहांटे वेंचावें लागतें. खालचा पालापाचोळा जाळला तर फुलें चटकन दिसतात, म्हणून झाडाखालीं आग लावण्याची चाल पडली. आणि ती ठिणगी वाऱ्यानें उडाली म्हणजे डोंगरचा डोंगर पेटतो.

तेंदूच्या पानांची हकीकत निराळी आहे. येथें पिकाची घाई आहेच, पण तिच्यावर कायद्याची मोहोर आहे. उन्हाळ्याच्या आरंभीं झुडपें छाटलीं म्हणजे मे महिन्याच्या सुमारास कोंवळीं पानें फुटतात. तीं पहांटे तोडावयाचीं, दुपारीं घरांत बसून जुळवावयाचीं, आणि सायंकाळीं फळीवर म्हणजे खरेदीच्या ठिकाणीं मोजून द्यावयाचीं. महाराष्ट्रांत सत्तर पानांचा एक पुडा व हजार पुड्यांचें एक प्रमाणित गोणें धरतात. म्हणजे एका गोण्यासाठीं ७०,००० पानें एकेक करून हातांखालून गेलीं पाहिजेत. ह्या कामांत आई, आजी, मुलें सर्व घर गुंतलेलें असतें. १९६९ च्या महाराष्ट्र वनउपज कायद्यानें ह्या पानांचा व्यापार सरकारनें आपल्या हातीं घेतला. तोडणाराला ठरीव मजुरी मिळे, ठेकेदार लिलावांत पानें घेई, व सरकारास स्वामित्वधन मिळे. पुढें त्यांतील भाग मजुरांस बोनस म्हणून देण्याची पद्धति आली. मजुरी ठरली हें चांगलेंच झालें. परंतु ज्याच्या डोंगरावर पान फुटलें तो ह्या सर्व व्यवहारांत फक्त मजूर होता, हेंही तितकेंच खरें.

ठेकेदारास दूर सारण्याचा प्रयत्न ह्यापूर्वींच झाला होता. १९४७ च्या सुमारास, बाळासाहेब खेर हे मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान असतां, तेथें जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघूं लागल्या, व पुढें ही चळवळ विदर्भांतही आली. झाडतोडीचें काम संस्थेनें घ्यावयाचें व नफ्याचा वांटा सभासदांस द्यावयाचा, अशी ती योजना. कित्येक संस्थांनीं चांगलें काम केलें, कित्येकांत जुना ठेकेदारच नवी टोपी घालून बसला. पण उत्तम चाललेल्या संस्थेलाही मिळे तें तोडणीचें काम. कोणतें झाड तोडावें व कोणतें राखावें हें ठरविण्याचा अधिकार तिला नव्हता.

तो अधिकार देणारा कायदा संसदेनें २००६ सालीं केला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांचे वनहक्क मान्य करणारा हा कायदा असून त्याचे नियम २००८ च्या आरंभीं निघाले. ह्या कायद्याविषयीं बोलतांना लोक बहुधा कसणाराच्या नांवें होणाऱ्या जमिनीचीच गोष्ट करतात. ती महत्त्वाची आहेच, आणि ती नवरा व बायको ह्या दोघांच्या नांवें व्हावयाची, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरें कलम अधिक मोलाचें. गांवानें परंपरेनें राखलेलें व वापरलेलें जंगल ग्रामसभेच्या नांवें सामूहिक हक्कानें देतां येतें. त्याचें रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन ग्रामसभेनें करावयाचें. आणि बांबू, तेंदू, मोह, मध, डिंक, लाख ह्यांसारखें गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क तिचा. सहकारी संस्थेंत भाग घ्यावा लागतो. ग्रामसभेंत गांवांतील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष जन्मतःच भागीदार. ज्याला वीतभर जमीन नाहीं तोही. २०१२ सालीं सुधारलेल्या नियमांप्रमाणें अशा सभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया पाहिजेत. नाहीं तर सभाच भरली नाहीं असें समजावयाचें.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा हें गोंडांचें गांव. त्याला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. रानांत बांबू उभा, विकत घेणारा दारांत उभा. पण तोडलेला बांबू रस्त्यानें नेण्यास वाहतुकीचा परवाना लागतो, आणि परवान्याचें पुस्तक वनखात्याच्या कपाटांत. १९२७ च्या वनकायद्यांत बांबूची गणना झाडांत केलेली असल्यामुळें तो गौण उपज नव्हेच, असें खातें म्हणे. वनस्पतिशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल कीं बांबू हें गवत आहे; पण शास्त्र एक म्हणतें व दप्तर दुसरें. अखेर २०११ च्या एप्रिलमध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांनीं त्या गांवीं जाऊन परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. एवढ्याशा पुस्तकासाठीं दोन मंत्री कशाला, असें आमच्या बालवाचकांस वाटेल. पण ज्या कागदावांचून माल बाजारांत जात नाहीं, तो कागद ज्याच्या हातीं तोच मालाचा खरा धनी.

मेंढ्याची हवा पुढें आपल्याकडेही आली. परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशीं, पायविहीर म्हणून मुख्यत्वें कोरकूंची वस्ती असलेलें एक लहान गांव आहे. शेजारची टेंकडी गुरांनीं व कुऱ्हाडींनीं उजाड केलेली. वर सीताफळाचीं झुडपें तेवढीं तग धरून राहिलेलीं. 'खोज' ह्या संस्थेच्या साहाय्यानें गांवानें दावा दाखल केला, आणि २०१२ सालीं सुमारें १९० हेक्टर, म्हणजे पावणेपांचशें एकरांच्या जवळपास, जंगल ग्रामसभेच्या हक्कांत आलें. उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर हीं आसपासचीं गांवेंही ह्याच वाटेनें चालूं लागलीं.

हक्काचा कागद आला त्या दिवशीं डोंगर होता तसाच उघडा होता. मग गांवानें काय केलें, तें पाहण्याजोगें आहे. प्रथम राखण, गांवकऱ्यांनींच पाळीपाळीनें रानांत फेरी घालावयाची. नंतर रोजगार हमीच्या कामांतून चर खणणें, पाणी अडविणें व झाडें लावणें. रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी. तिचा कायदा येथें १९७७ सालीं झाला. एरवीं ह्या योजनेंत मजूर दुसऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडतो. येथें त्यानें आपल्याच रानांत खड्डा खणला व मजुरीही घेतली. आणि मग सीताफळ. व्यापाऱ्याला उभ्या झाडांचा ठेका देऊन मोकळें होण्याऐवजीं गांवानें फळें स्वतः उतरविलीं, लहान-मोठीं निवडलीं, खोक्यांत भरलीं, आणि 'नॅचरल्स मेळघाट' हें नांव लावून थेट मुंबईच्या बाजारांत पाठविलीं.

आपल्या उदाहरणाचें उत्तर येथें मिळतें. झाड तेंच, फळ तेंच, डोंगरही तोच. परंतु ग्रामसभेस तोडणीचा दिवस ठरवितां येऊं लागला, म्हणून कच्चें तोडण्याची घाई गेली. निवड गांवांत झाली, म्हणून मोठ्या फळाचा मोठा भाव गांवांत राहिला. खोकें गांवचें, म्हणून संध्याकाळची लाचारी टळली. रुपयांतील जे आणे वाटेंतल्या वाटेंत गळत होते, त्यांतले पुष्कळसे परत झाडापाशीं आले. २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फें दिला जाणारा भारतीय जैवविविधता पुरस्कार पायविहीरला मिळाला. कामासाठीं गांव सोडून जाणेंही तेथें पुष्कळ कमी झाल्याचें पाहणारांनीं नमूद केलें आहे. आमच्या मतें पुरस्कारापेक्षां ही गोष्ट मोठी.

मालावर हात फिरवून त्याचें मोल वाढवावें, हा दुसरा मार्ग. धारणी तालुक्यांत लवादा येथें सुनील व निरुपमा देशपांडे ह्या दांपत्यानें १९९० नंतरच्या दशकांत संपूर्ण बांबू केंद्र काढलें. तेथें कोरकू तरुण-तरुणी बांबूच्या वस्तु करावयास शिकले. त्यांच्या हातच्या राख्या तर दूरदूरच्या शहरांत गेल्या. मोळीनें विकलेला बांबू आणि राखी होऊन विकलेला बांबू ह्यांच्या भावांतील अंतर म्हणजे कारागिराची मजुरी, आणि ती रानांतच राहते.

इतकें वाचून कोणास वाटेल कीं मेळघाटचें दैन्य फिटलें. तसें मुळींच नाहीं. १९९३ सालीं तेथील बालमृत्यूंनीं सर्व महाराष्ट्र हादरला होता, आणि कुपोषणाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. ग्रामसभेला व्यापार करावयाचा म्हणजे हंगामापूर्वीं भांडवल पाहिजे, हिशेबाची वही पाहिजे, आणि ती वही वाचूं शकणारीं माणसें एकाहून अधिक पाहिजेत. जेथें हिशेब एकट्यालाच कळतो, तेथें नवा ठेकेदार गांवांतच जन्मास येतो. विडीचा खप घटला कीं तेंदूचा भाव कोसळतो, आणि त्यावर कोणत्याही ग्रामसभेचा इलाज चालत नाहीं.

सर्वांत बिकट प्रश्न वाघाचा. १९७४ सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. देशांतील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं हा एक. त्याच्या गाभ्यांतील गांवें बाहेर आणावीं, हें धोरण. बोरी, कोहा, कुंड हीं गांवें ह्या शतकाच्या आरंभीं हलविण्यांत आलीं, व पुढें आणखीही कित्येक खालीं उतरलीं. त्यांतलीं बरींच अकोला जिल्ह्यांत, अकोट व तेल्हारा भागांत, सपाटीवर वसलीं. २००८ पासून बाहेर पडणाऱ्या कुटुंबामागें १० लाख रुपये देण्याचें ठरलें. शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला, हा लाभ खरा, आणि कित्येक गांवें आपण होऊन बाहेर आलीं हेंही खरें. परंतु ज्याला मोहाची व तेंदूची वेळ ठाऊक त्याच्या हातीं एकदम रोख रक्कम आली, आणि ती संपल्यावर रानही नाहीं व शेतही पुरेसें नाहीं, अशी स्थिति पुष्कळांची झाली. २०१९ च्या जानेवारींत जुन्या गांवीं परत गेलेले लोक व वनखात्याचीं माणसें ह्यांच्यांत चकमक झाली व दोन्हीकडचे लोक जखमी झाले. वाघ राहिला पाहिजे ह्याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. पण वाघासाठीं गांव उठवितांना रानाच्या उत्पन्नाची किंमत कोणत्या कोष्टकानें केली, हा प्रश्न विचारणें भाग आहे. कारण १० लाखांच्या त्या आंकड्यांत सीताफळ, मध आणि डिंक ह्यांचा निराळा रकाना नाहीं.

होळी हा कोरकूंचा वर्षांतील सर्वांत मोठा सण. मजुरीसाठीं सपाटीवर उतरलेलीं कुटुंबें कोठेंही असलीं तरी होळीला गांवीं परततात, आणि सण सरला कीं पुष्कळांचीं गाठोडीं पुन्हा बांधलीं जातात. ज्या थोड्या गांवांच्या हातीं रान आलें आहे, तेथें ह्या गाठोड्यांची घाई आतां तितकीशी उरलेली नाहीं. होळीची राख विझते न विझते तोंच मोहाचीं फुलें पडूं लागतात. तीं वाळवून होतात तों तेंदूला पालवी फुटते. आणि पावसाळ्यांत चरांतलें पाणी पाहून झालें म्हणजे सीताफळाचा दिवस ठरविण्यासाठीं पुन्हा सभा भरवावी लागते.